आखाडातला वारा आणि पेलेटचा स्मोकर : प्रकल्प नोंदी

रविवार, १ जून २०२५

यंदा पावसानं घाई केली. २४ मेला केरळात उतरला आणि पाठोपाठ आमच्याकडंही आला. उन्हाळ्यात पुरा करायचा ठरवलेला स्मोकर, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या गोळ्या (पेलेट) जाळून मंद धुरात मांस शिजवायचं यंत्र, त्यामुळं आता ऐन वाऱ्यातच चालवून बघावा लागणार.

आमचं बेळगुंदी बेळगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या कडेला. पावसाळी वारा घाटमाथा ओलांडून राकसकोपच्या बाजूनं सुटला की थेट आमच्या खळ्यात येतो. मध्ये आडोसा म्हणावा असं काही नाही. धूर घराबाहेर राहावा म्हणून स्मोकर खळ्यातच ठेवायचा हे मात्र पक्कं.

यंत्र असं आहे : २ मिलिमीटर पत्र्याचं आडवं पिंप, वर झाकण, उजव्या हाताला हॉपर, म्हणजे पेलेट भरायची पेटी, डाव्या टोकाला चिमणी. हॉपरच्या तळाशी ऑगर, म्हणजे पेलेट ढकलणारा स्क्रू. तो गिअर मोटरवर मिनिटाला दोन फेरे घेतो. ऑगर पेलेट फायरपॉटमध्ये, म्हणजे ते जळतात त्या भांड्यात, टाकतो, तिथं इग्नायटर रॉड ते पेटवतो आणि ब्लोअर खालून हवा देतो. आतल्या सेन्सरवरून कंट्रोलर ऑगर किती चालवायचा ते ठरवतो. वेल्डिंग सगळं उद्यमबागेत, मी काम करतो त्या कारखान्यात, ड्युटी सुटल्यावर, मालकांच्या परवानगीनं केलं.

मुदत २० जुलै. २५ जुलैला श्रावण लागतो, त्याआधीचा तो शेवटचा रविवार. निपाणीहून आक्का आणि दाजी येणार. आणि खरं कारण आज्जी. तिचे दात गेले, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मटणाच्या दिवशी ती नुसता रस्सा-भात खाते आणि काही बोलत नाही. चुलीवर धुरात टांगलेल्या चान्यांची, म्हणजे मटणाच्या वाळवलेल्या पट्ट्यांची, आठवण मात्र अजून सांगते. मंद आचेवर सात-आठ तास धुरात ठेवलेली मांडी बोटानं सुटते. ती तिच्या ताटात वाढायची आहे.

रविवार, ८ जून

पहिली पेटवणी, आत काही न ठेवता. कंट्रोलर ११० अंशांवर. पेंटबूथची हवा मोजायचा पंखा-मीटर कारखान्यातून दोन दिवसांसाठी मागून आणलाय. सकाळी सातला वारा सेकंदाला २ मीटर होता. तेव्हा आतलं तापमान १०६ ते ११५ च्या मध्ये राहिलं आणि तासाला साधारण ६०० ग्रॅम पेलेट लागले. अकराला वारा ६ वर गेला, मधूनच ९ चा झोत. तापमान ८४ पर्यंत घसरलं, मग १३८ वर उडी मारली, पुन्हा ९०. पेलेट तासाला १ किलो ३०० ग्रॅम.

दोन गोष्टी एकाच वेळी होतायत. वारा पत्र्यावरून उष्णता ओढून नेतोय. त्यात पत्रा ओला झाला की पाणी वाफ होताना आणखी नेतं. आणि वारा हवेच्या वाटेनं थेट फायरपॉटमध्ये घुसतोय, तिथली आच कधी फुलते, कधी दबते. पहिल्यावर उपाय आहे तो पांघरूण. दुसऱ्यावर काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

बुधवार, ११ जून

रात्री मांसात खुपसायचा तापमापक तपासला. उकळत्या पाण्यात धरला तर ९७. दुसरा धरला, तोही ९७. दोन्ही परत करायला निघालो होतो, तेवढ्यात आठवलं, आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहोत. इथं पाणी १०० ला उकळतच नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. मापक ठीक आहेत.

रविवार, १५ जून

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण आज अपघात होता होता राहिला.

कोंबडीचे चार तुकडे ठेवले होते. पाऊण तास सुरळीत गेला. मग पश्चिमेकडून एक जोराचा झोत आला आणि तापमान उतरायला लागलं. ९०, ७५, ६०. मला वाटलं, सावरेल. कंट्रोलरलाही तसंच वाटलं असणार, कारण त्याला तापमान तेवढं कळतं, आग आहे की विझली हे कळत नाही. थंड झालं म्हणून तो ऑगर चालवत राहिला. चिमणीतून दाट पांढरा, पिवळसर झाक असलेला धूर सुरू झाला. हॉपरच्या झाकणाच्या फटीतूनही धुराची बारीक रेघ यायला लागली. मी झाकणाच्या मुठीला हात घालणार एवढ्यात आत भप्प झालं, झाकण वीतभर उचललं आणि आपटलं. बाजूला उभा होतो म्हणून चेहरा वाचला.

थंड झाल्यावर जाळी आणि तबक काढून आत बघितलं. फायरपॉट काठोकाठ भरून बाहेर ढीग झाला होता. वरचे पेलेट कोरे करकरीत, मधले कडेनं काळे आणि फुगलेले, तळाशी राखेत दोन-तीन निखारे. म्हणजे ज्योत वाऱ्यानं विझली, निखारे राहिले, त्यांच्यावर ताजे पेलेट पडत गेले. ते जळण्याऐवजी नुसते धुमसले आणि पिंप पेट घेणाऱ्या वायूनं भरलं. निखाऱ्याला हवा मिळाल्याबरोबर सगळं एकदम पेटलं. चिमणीतून उलटा दाब आल्यामुळं धूर ऑगरच्या नळीतून हॉपरकडं सरकला, हे त्याहून वाईट. त्या वाटेनं आग पेलेटच्या साठ्यापर्यंत जाऊ शकते.

यापुढं असं झालं तर : पहिल्यांदा ऑगर बंद, ब्लोअर चालू ठेवायचा, झाकणाला हात लावायचा नाही. धूर विरळ होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. पूर्ण निवाल्यावर फायरपॉट रिकामा करून, राख पुसूनच पुन्हा पेटवायचं. भरल्या पॉटवर इग्नायटर कधीही लावायचा नाही.

कोंबडी टाकून दिली. किती वेळ कोमट राहिली याचा हिशेब लागेना, आणि कोंबडीच्या बाबतीत मी अंदाजावर जात नाही. आई काही बोलली नाही, तिनं पिठलं टाकलं.

मंगळवार, १७ जून

कंट्रोलरमध्ये भर घातली. पेटल्यानंतर तापमान सलग दहा मिनिटं ६० च्या खाली राहिलं तर ऑगर आपोआप थांबेल आणि बझर वाजेल. ऑगरची विश्रांतीही कमी केली : आधी १८ सेकंद चालू आणि ८५ बंद होता, आता १८ आणि ६०. पॉटमध्ये आच जरा मोठी राहील, झोतानं चटकन विझणार नाही. हॉपरच्या झाकणाला सिलिकॉनची पट्टी लावली. बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग. पावसात लोखंडी यंत्र विजेवर चालवताना यात काटकसर करायची नाही.

गुरुवार, १९ जून

ऑगर जाम. रविवारपासून हॉपरमध्ये राहिलेले पेलेट दमट हवेनं फुगले आणि त्यांचा भुसा होऊन स्क्रूभोवती घट्ट बसला. लांब स्क्रूड्रायव्हरनं कोरून काढायला तीन तास लागले. पेलेट म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसाच. दाबताना जी उष्णता होते तिनं लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच भुशाला धरून ठेवतं, वेगळा गोंद लागत नाही. पाणी लागलं की ती पकड सुटते. आता काम झालं की हॉपर रिकामा, आणि पेलेट घट्ट झाकणाच्या दुधाच्या कॅनमध्ये.

पेलेटबद्दल एकदा लिहून ठेवतो. बॉयलरसाठी मिळणारे पेलेट स्वस्त असतात, पण त्यात शेंगांची टरफलं, प्लायवुडचा भुसा, काहीही असू शकतं. जेवणाखाली ते जाळायचे नाहीत. माझे ६ मिलिमीटरचे, निव्वळ आंब्याच्या लाकडाचे. मच्छे गावात एका ओळखीच्या माणसाचं पेलेट दाबायचं प्रेस आहे. भुसा मी स्वतः वखारीतून चाळून नेऊन दिला.

रविवार, २२ जून

वारा थांबेना, म्हणून स्मोकर पडवीत घेतला. तिन्ही बाजू उघड्या आहेत, काय होतंय, असा विचार केला. चुकलो. एका बाजूला ताडपत्री सोडलेली होती, दुसरीकडं लाकडं रचलेली. वीस मिनिटांत आईचं डोकं धरलं आणि तिला मळमळायला लागलं. धूर फारसा नव्हता, डोळेही चुरचुरत नव्हते. म्हणूनच मला कळलं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. आईला लगेच खळ्यात मोकळ्या हवेवर बसवलं, स्मोकर बंद केला, दुपारी डॉक्टरांना दाखवून आणलं. संध्याकाळी बरी वाटली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पडवी, गोठा, शेड, गॅरेज, काहीच नाही. हे यंत्र छपराखाली पुन्हा जाणार नाही. वाऱ्यावर उपाय उघड्यावरच शोधायचा.

बुधवार, २५ जून

कामावरून आल्यावर पत्र्याचे तीन तुकडे अँगलला बोल्ट करून स्मोकरच्या तिन्ही बाजूंनी उभे केले, हातभर अंतरावर. वाटलं होतं, संपला प्रश्न. उलट धूर काळपट झाला आणि झाकणाच्या कडेला काजळी धरली. कारण समजेना.

मग देवघरातली उदबत्ती आणली. ब्लोअर बंद ठेवून ती हवेच्या भोकाजवळ धरली. उदबत्तीचा धूर भोकात जायला हवा. तो गरगर फिरून बाहेर येत होता. चिमणीच्या तोंडाशी धरली तर धूर चिमणीत खाली उतरत होता. पत्र्याच्या वरून उडी मारून आलेला वारा आतल्या बाजूला भोवरा करतो, आणि तो भोवरा चिमणीवर वरून दाबतो. चिमणी तुंबली की खालून हवा खेचली जात नाही, आग गुदमरते. पाच रुपयांच्या उदबत्तीनं जे दाखवलं ते मीटरनं दाखवलं नव्हतं.

रविवार, २९ जून

आज मामा आले, हुक्केरीकडचे. मामांनी तीस वर्षं गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घातलाय. काहिलीतल्या रसाला आच कमी-जास्त झाली की गूळ बिघडतो. ती आच ते वाळक्या चिपाडांवर, उघड्या माळावर सांभाळायचे. हे माझ्या इतक्या दिवसांत का ध्यानात आलं नाही कोण जाणे.

त्यांनी यंत्राकडं आधी बघितलंच नाही. चिमणीकडं बघत तंबाखू मळत उभे राहिले. म्हणाले, "धूर पांढरा फटक हाय म्हंजे जाळ उपाशी हाय. आणि पोरा, वारं कुठनं येऊलंय ते बघ की आधी. तू वाऱ्याला भिंत घातलीस. भिंत घातली की वारं डोक्यावरनं उडी मारतंय."

"मग काय करायचं, मामा?"

"त्येला दमवायचं. आमी लांब कुड घालायचो, चिपाडाचा, फटीफटीचा. चुलवाणाला चिकटून न्हवं."

मामांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. झाडांच्या वारारोधक रांगा लावताना हाच नियम पाळतात : निम्मी जागा मोकळी असलेला आडोसा वाऱ्याचा जोर काढून घेतो आणि मागं भोवरा होऊ देत नाही. भरीव भिंतीमागं मात्र भोवरा ठरलेला. शिवाय आडोशाचा फायदा त्याच्या उंचीच्या कित्येक पट लांबपर्यंत पोचतो, त्यामुळं तो जवळ आणायची गरजच नाही.

लगेच कामाला लागलो. रोपांसाठी आणलेली ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट घरात होती. खळ्याच्या पश्चिम आणि नैऋत्य कडेला सहा बांबू रोवले, दोन मीटर उंच नेट ताणली, स्मोकरपासून साडेचार मीटरवर. प्लॅस्टिकची जाळी असल्यानं हे अंतर आगीच्या दृष्टीनंही बरं. चिपाडाचा कुड ठिणगीला भीतीचा. दुपारी नेटच्या बाहेर झोत ८ आणि स्मोकरजवळ ३. मीटर कधीच परत करायला हवा होता, उद्या नक्की नेतो.

मामा सोबत काकवी घेऊन आले होते. निघताना म्हणाले, "मटान झालं की मलाबी सांग."

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. घरात सगळ्यांचा उपास, त्यामुळं मटणाचा विषय नाही. आमच्या पट्ट्यातली रताळी प्रसिद्ध, पण आता शिवारात नुसते वेल लावलेत. बाजारातून दोन किलो आणली, सालासकट दीड तास १२० अंशांवर ठेवली, वर शेंगदाण्याचं कूट आणि मीठ. धुराची चव रताळ्याला इतकी शोभते की आप्पांनी विठ्ठलाला नैवेद्यही त्याचाच दाखवला.

तापमान ११४ ते १२७. नेट काम करतेय. पण वारा दक्षिणेकडं वळला की अजून चिमणीत शिरतो.

शनिवार, १२ जुलै

तीन दुरुस्त्या.

यंत्राची दिशा बदलली. आता हॉपर वाऱ्याकडं, चिमणी उलट बाजूला. वारा चिमणीत घुसण्याऐवजी तिच्यावरून जाताना धूर ओढून नेतो.

पण मग ब्लोअरच्या तोंडावर वारा थेट येणार. म्हणून त्यावर पत्र्याचा खोका वेल्ड केला, फक्त खालून उघडा. झोत खोक्यावर आदळतो, हवा खालून शांतपणे वर जाते. खोक्याचं खालचं तोंड मूळ भोकाच्या तिप्पट ठेवलं, हवा कमी पडायला नको. उदबत्ती धरली : धूर सरळ आत, न थरथरता. त्या बारीक सरळ रेघेकडं मी बराच वेळ बघत बसलो.

चिमणीवर टीच्या आकाराचा आडवा पाइप. वारा कुठल्याही बाजूनं आला तरी वरून दाब पडत नाही, पावसाचं पाणीही आत जात नाही.

पांघरूण म्हणून कारखान्यातलं वेल्डिंग ब्लँकेट झाकणावर, तारेनं बांधून. हॉपर, खोका आणि चिमणी मोकळी. गोणपाट नको, ते भिजतं आणि सुकलं की पेटतं.

रविवार, १३ जुलै

कोंबडी, १३५ अंशांवर. मांडीच्या आत, हाडाला न टेकवता, ७९ अंश. ७४ ला कोंबडी खायला सुरक्षित होते. मांडीचा भाग थोडा पुढं नेला की मऊ लागतो. बझर एकदाही वाजला नाही. पेलेट तासाला ८५० ग्रॅम. धूर पातळ, निळसर, काही वेळा दिसतही नव्हता. धूर दिसला नाही की लोकांना वाटतं वास लागणार नाही. खरं तर कडवटपणा जाड पांढऱ्या धुराचा असतो.

रविवार, २० जुलै

रात्री सव्वाचारला उठलो. मांडी २ किलो २०० ग्रॅम, हाडासकट. रात्रीच मीठ, आलं-लसूण, संकेश्वरी मिरचीची भरड आणि थोडं तेल चोळून ठेवली होती.

४.४५ पेटवणी, झाकण उघडं ठेवून. ज्योत धरल्यावर बंद.
५.२० मांडी आत. ११५ अंश. पाऊस रिमझिम, वारा मध्यम.
७.३० मांसाच्या आत ४८.
८.१० वीज गेली. इन्व्हर्टरवर लगेच घेतलं, चार-पाच अंशांपलीकडं घसरलं नाही.
९.३० आत ६७.

इथून पुढं पावणेदोन तास आकडा हललाच नाही. ६८, ६९, ६९. घाम आल्यावर अंग गार पडतं तसं मांसातलं पाणी बाहेर येऊन उडत असतं आणि जेवढी उष्णता आत जाते तेवढी ते घेऊन जातं. हे ठाऊक असूनही जीव खाली-वर होतो. दाजी दोनदा येऊन विचारून गेले, "आच वाढवू या का?" नाही वाढवली.

११.१५ आत ७०. मांडी केळीच्या पानात, वरून फॉइलमध्ये गुंडाळली. आता पाणी उडणार नाही, आकडा चढेल. झाकण उघडलं तेवढ्यात मोठा झोत आला. आतलं तापमान ११५ वरून ८२ वर. बझरकडं कान लावून उभा राहिलो. सहा मिनिटांत ११० वर परत आलं. १५ जूनला अशाच झोतानं सगळं विझवलं होतं.

१२.५५ आत ९४. तापमापकाची सुई लोण्यात जावी तशी गेली. मांसाला धरून ठेवणारी कोलेजनची चिवट जाळी तोवर विरघळून जिलेटिन झालेली असते, ती नुसती आकड्यानं नाही, या सुईच्या जाण्यानं कळते. फॉइलमध्येच अर्धा तास झाकून ठेवलं.

एकूण पेलेट ६ किलो ३००.

पान उलगडलं तेव्हा हाड हातात धरल्याबरोबर निघून आलं, स्वच्छ. कापाच्या कडेला बोटभर गुलाबी पट्टा. आक्काला वाटलं कच्चं राहिलं. तो धुरातल्या वायूंचा मांसाच्या रंगावर झालेला परिणाम, ९४ ला कच्चं काही राहत नाही. मामाही आले होते. त्यांनी आधी चिमणीकडं बघितलं, मग पाटावर बसले.

आज्जीला पहिला घास आईनं भाकरीच्या पोपड्यावर दिला. तिनं तो बराच वेळ तोंडात घोळवला. म्हणाली, "चुलीचा वास हाय ह्येला." मग रस्सा बाजूला सारून ताट पुढं केलं.

बुधवार, २३ जुलै

उद्या दिव्यांची अमावस्या, परवापासून श्रावण. महिनाभर मटण बंद. फायरपॉट, जाळी, तेलाचं तबक घासून काढलं. तबकात साचलेली चरबी वाऱ्यात ठिणगीनं पेटू शकते, ती तशीच सोडायची नाही. हॉपर रिकामा. कॅनमध्ये ११ किलो पेलेट शिल्लक.

नेट काढली नाही. नैऋत्येचा बांबू भिजल्या मातीत कलतोय, शनिवारी त्याच्या बुडात मुरूम आणि दगड ठोकायचे. आज्जी सकाळी विचारत होती, रताळी कधी निघणार.